नक्षीने वर बघावं म्हणून

वैजयंती दारात उभी होती आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, हीसुद्धा म्हातारी झाली.

"आत येऊ?" तिने विचारलं.

"आलीच आहेस तर ये," मी म्हणाले.

चप्पल काढताना तिने भिंतीला हात टेकला. गुडघे गेले होते वाटतं. मला बरं वाटलं. सात वर्षं मी या बाईचं वाईट चिंतत होते. इतकं मन लावून केलेल्या कामाचं थोडं तरी फळ माणसाला मिळायला हवं.

एके काळी आम्ही जिवाभावाच्या मैत्रिणी होतो. नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत दोघींनी मिळून 'रांगतं वाचनालय' काढलं होतं. दोन वर्षांच्या आतली मुलं आणि त्यांचे आईबाप, एवढेच आमचे वाचक. मोठी सतरंजी, आईबापांच्या मांडीवर मूल आणि मुलापुढे चित्रांचं पुस्तक धरून मी. बालमानसशास्त्रातली डॉक्टरेट माझी, त्यामुळे पुस्तकं निवडायचं काम माझं. माणसं आणि पैसा जमवायचं काम वैजयंतीचं. ती गोड बोलून कोणाच्याही खिशात हात घालू शकायची.

कुठलं पुस्तक मुलाला रुचतं हे आईबापांना विचारून कळत नाही. आईबाप स्वतःला आवडलेलं सांगतात. म्हणून वाचताना मी कपाळावर पट्टीने एक छोटा कॅमेरा बांधायचे, म्हणजे मुलाचा चेहरा आणि पुस्तक दोन्ही नीट टिपलं जायचं. पट्टीची मागची गाठ वैजयंती मारायची. "फार घट्ट नाही ना गं झाली?" असं दर वेळी विचारायची. अशी हजारो चित्रणं आम्ही जमवली.

मग माझी आई अंथरुणाला खिळली आणि मी धुळ्याला गेले. तिचं सगळं आटोपून परत आले तेव्हा वाचनालयाचं कुलूप बदललेलं होतं. चित्रणं एका नव्या कंपनीकडे गेली होती आणि कंपनी वैजयंतीची होती. कागदोपत्री सगळं संस्थेचं होतं, संस्था म्हणजे वैजयंती होती, आणि मी कोण होते तर मानद सल्लागार. मी भांडले, वकील केला, हरले. त्या चित्रणांमधून तिने जे यंत्र बनवलं त्याचं नाव गोष्टपाटी.

ते तुम्ही पाहिलं असेलच, आता कोणाच्या घरी नाही? कापडासारखा मऊ, धुता येणारा, चावला तरी न फाटणारा पडदा. त्याच्या कडेला मोहरीएवढे कॅमेरे. मूल पडद्यावरचं चित्र बघत असताना ते कॅमेरे त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघत असतात. माणसाला एखादी गोष्ट आवडली की त्याच्या बाहुल्या किंचित मोठ्या होतात, आणि ते कोणालाच लपवता येत नाही, तान्ह्या मुलाला तर नाहीच. नजर कुठे ठरली, कधी उडाली, यावरून पाटी पुढचं पान त्याच क्षणी काढते. लाल फुगा आवडला तर अजून फुगे. ससा नकोसा झाला की ससा गायब. मुलाची नजर पानावरून हलू नये एवढंच तिला शिकवलेलं आहे आणि त्यात ती पटाईत आहे. पुस्तक निवडायची कटकटच नको.

पाटी वाचून दाखवते तो आवाज माझा आहे. चित्रणांमध्ये माझाच आवाज होता ना. तो त्यांनी उचलला आणि त्याला हवं ते बोलायला लावलं. शेजारच्या गॅलरीतून मीच मला ऐकू यायचे. भाजीवाल्याशी घासाघीस करायला तोंड उघडलं की बाबागाडीतलं एखादं मूल दचकून माझ्याकडे वळायचं आणि डोळे फाडून बघत राहायचं. मी हळूहळू बाजारात मुक्यासारखी बोटं दाखवायला लागले. स्वतःच्या आवाजाची चोरी झालेल्या माणसाने करायचं तरी काय?

तर अशी ही वैजयंती माझ्या खुर्चीत बसली आणि पाणी न पिताच म्हणाली, "मृणाल, सानिकाच्या मुलीकडे एकदा बघशील?"

सानिका तिची मुलगी. लहानपणी माझ्याच मांडीवर खेळलेली.

"काय झालंय?"

"नक्षी चौदा महिन्यांची आहे. कोणाच्या चेहऱ्याकडे बघतच नाही गं. हाक मारली तर ऐकते, पण बघत नाही. बोट दाखवत नाही. काही मागायचं तर आमचा हात धरून तिकडे ढकलते, वस्तूसारखा."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"सगळे झाले. कान उत्तम, डोळे उत्तम. स्वमग्नता नाही म्हणाले. वर म्हणाले, अशी मुलं अलीकडे बरीच येतात." तिने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "मी कोणत्या तोंडाने आलेय ते मला कळतंय."

"नाही, तुला कळत नाहीये," मी म्हणाले. "पण येते मी."

मी का गेले? मुलीच्या काळजीने, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे वैजयंतीच्या घरात काहीतरी बिनसलंय हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

गंगापूर रोडवरच्या तिच्या घरी दिवाणखान्यात नक्षी पाटीवर ओणवी झाली होती. कुरळे केस, गोबरे गाल, एकदम चित्रातली मुलगी. सानिका तिच्या समोर बसून हाका मारत होती. "नक्षी, ए नक्षू, इकडे बघ, आई कुठाय?" नक्षीने मानसुद्धा हलवली नाही. पाटी माझ्या आवाजात तिला कासवाची गोष्ट सांगत होती.

मी सानिकाला खूण करून पाटी बंद करायला लावली. नक्षीने ओठ काढले, आता भोकाड पसरणार एवढ्यात मी म्हणाले, "अरेच्चा!"

नवं पान उघडलं की मी नेहमी हेच म्हणायचे. नक्षी जागच्या जागी थबकली. तिने बंद पडलेल्या पाटीकडे बघितलं. मग मान वर केली आणि थेट माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. पुन्हा पाटीकडे, पुन्हा माझ्याकडे. आणि हसली, खालचे दोन दात दाखवून.

सानिकाने तोंडावर हात दाबला. तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

"माझ्याकडे एकदाही नाही बघितलं तिने," वैजयंती म्हणाली. "जन्मल्यापासून एकदाही नाही."

मला इतका आनंद झाला, की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी नक्षीला उचलून घेतलं.

मग मी वैजयंतीला म्हणाले, पाटीला ज्या चित्रणांवरून शिकवलं ती मला दाखव. तिने आढेवेढे घेतले, पण दाखवली. माझीच जुनी चित्रणं. पुस्तकातून मान वर करून हसणारं एक बाळ, आणि त्याच्याभोवती कंपनीतल्या पोरांनी काढलेली लाल चौकट. चौकटीवर शेरा होता: 'लक्ष सुटलं'. दुसरं चित्रण, दुसरं बाळ, तीच लाल चौकट. सगळीकडे लाल चौकटीच. काय झालंय ते मला लख्ख दिसलं.

नऊ-दहा महिन्यांचं मूल एक मोठी उडी मारतं. आधी ते वस्तूकडे बघत असतं, किंवा माणसाकडे. आता ते वस्तूकडे बघून मग माणसाकडे बघायला लागतं. 'मला दिसलं ते तुलाही दिसलं का?' असं ते डोळ्यांनी विचारतं. मूल, वस्तू आणि माणूस असा त्रिकोण तयार होतो आणि माणसाची सगळी भाषा त्या त्रिकोणात उगवते. 'मांजर' हा शब्द मांजराकडे बघून येत नाही. मांजराकडे बघून आईकडे बघितलं की येतो. म्हणून माझी पुस्तकं निवडायची रीत अगदी साधी होती. मूल ज्या पुस्तकातून जास्त वेळा मान वर करतं, ते पुस्तक चांगलं.

आणि मूल मान वर करून बघायचं माझ्याकडे. पण कॅमेरा माझ्याच कपाळावर. त्यामुळे हजारो चित्रणांत मी कुठेच नाही. चित्रण बघणाऱ्या पोरांना वाटलं, मूल पुस्तक सोडून भलतीकडे बघतंय. त्यांनी माझ्या सगळ्यात चांगल्या पुस्तकांवर फुली मारली आणि मान वर करणं म्हणजे चूक असं यंत्राला शिकवलं. मग ती चूक होऊ नये म्हणून पाटी घराघरांत दिवसभर झटत राहिली.

"गाठ तू मारायचीस, वैजू," मी म्हणाले. "कॅमेरा कुठे होता ते तुला माहीत होतं. या पोरांना एकदा सांगितलं असतंस तरी झालं असतं."

तिचा चेहरा पांढरा पडला. मग तिच्यातली कंपनीवाली जागी झाली.

"दुरुस्त करता येईल," ती म्हणाली. "पुढच्या आवृत्तीत."

"आणि पुढच्या महिन्यात सरकार हीच पाटी सगळ्या अंगणवाड्यांत देणार आहे असं पेपरात आलंय, त्याचं काय?"

"ते आता थांबवता येणार नाही. करार झालेत. मी आता 'चूक झाली' म्हटलं तर संचालक मंडळ मला उभी जाळेल. एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

"वर्षभरात ती मुलं दोन-दोन वर्षांची होतील. ही उडी मारायचं वय निघून जाईल."

"सगळ्यांचंच असं होत नाही."

"नक्षीचं झालं."

"नक्षीसाठी तू आहेस ना," वैजयंती म्हणाली.

त्या वाक्यानंतर माझ्या मनात काही शंका उरली नाही. मी तिच्याशी वाद घातला नाही. मी म्हणाले, "ठीक आहे. घरातली पाटी बंद करायची. तुम्ही दोघींनी तिला रोज वाचून दाखवायचं. आणि कोणी कुठलं पुस्तक वाचायचं ते मी ठरवणार." तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. बिचारीला वाटलं, मी माफ केलं.

सानिकासाठी मी एक जुनं, कोपरे झिजलेलं पुस्तक काढलं. एका पानावर बंद दार आणि दाराखालून आलेलं शेपटीचं टोक. शब्द एकही नाही. पुढच्या पानावर पलंग आणि पलंगाखाली दोन मिशा. असं पुस्तक अर्धवट असतं, तेच त्याचं बळ. मुलाला प्रश्न पडतो आणि प्रश्न विचारायला माणूस लागतं.

वैजयंतीसाठी मी दुकानातलं सगळ्यात महाग पुस्तक निवडलं. पानापानावर प्राण्यांची जत्रा, प्रत्येकाचे केस मोजावेत असं रेखाटन, कोपऱ्याकोपऱ्यात फुलपाखरं, कुठे बोटभर जागा मोकळी नाही. आजीआजोबा वाढदिवसाला देतात तसलं. अशा पुस्तकात मूल बुडून जातं. त्याला सगळं मिळतं, म्हणून ते कोणाला काही विचारत नाही. थोडक्यात काय, मी तिला तिचीच पाटी छापील करून दिली.

"किती सुंदर आहे गं!" वैजयंती म्हणाली.

"तुझ्यासाठी मुद्दाम शोधलं," मी म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

पहिले काही दिवस नक्षीने पाटीसाठी घर डोक्यावर घेतलं. मग शांत झाली. सानिका वाचायची तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बसायचे, कारण मी दिसले की पोरगी माझ्याकडेच धावायची. वैजयंती वाचायची तेव्हा मात्र मी समोरच्या सोफ्यावर बसायचे. देखरेखीसाठी, असं मी तिला सांगितलं होतं.

एका सकाळी दिवाणखान्यातून सानिकाची किंकाळी ऐकू आली. मी धावले. नक्षी दाराखालच्या शेपटीवर बोट ठेवून आईकडे बघत होती.

"मावशी, बघितलं हिने! माझ्याकडे बघितलं!"

"उत्तर दे तिला, रडतेस काय? माऊ म्हण."

"माऊ," सानिका हुंदका देत म्हणाली. नक्षीने शेपटीकडे बघितलं, मग आईच्या तोंडाकडे, आणि स्वतःचे ओठ मिटून "म्म" केलं. माझ्याही ओठांतून "म्म" निघालं, ते मी नाकारत नाही.

वैजयंतीचं मात्र काहीच हलेना. ती रोज आंघोळ करून, कपडे बदलून, परीक्षेला बसल्यासारखी पुस्तक घेऊन बसायची. वाघाचा आवाज काढायची, हत्तीसारखी डुलायची. महाराष्ट्रभर नावाजलेली बाई सतरंजीवर रांगून माकडासारखी खाजवत होती आणि नात फुलपाखरांतून मान वर करत नव्हती. केलीच तर वैजयंतीला ओलांडून सोफ्यावरच्या माझ्याकडे बघायची. मी हे सगळं चहा पीत बघायचे. इतका चवदार चहा मी आयुष्यात प्यायले नव्हते.

"मावशी," सानिका एकदा हळूच म्हणाली, "आईचं पुस्तक बदलून बघायचं का?"

"अजून थोडे दिवस जाऊ देत," मी म्हणाले.

अंगणवाड्यांचा कार्यक्रम तोंडावर आला तेव्हा वैजयंतीचा धीर सुटला. पुस्तक मिटून ती तशीच खाली बसून राहिली. "माझंच काय चुकतंय गं? सानिकाकडे बघते, तुझ्याकडे बघते. कामवालीकडेसुद्धा बघायला लागली."

आता सांगायची वेळ झाली होती. जिच्यावर सूड उगवायचा तिला तो कळलाच नाही, तर मला काय मजा?

"तुझं काही चुकत नाहीये," मी म्हणाले. "पुस्तक मी चुकीचं दिलंय. पहिल्या दिवसापासून."

तिला कळायला वेळ लागला. मग तिने हातातल्या पुस्तकाकडे असं बघितलं, की जणू त्यात किडा निघाला होता. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"एका लहान मुलीशी असं खेळलीस?"

"तिच्याशी नाही खेळले. ती आईकडे बघते, बोट दाखवते, माऊ म्हणते. ती उत्तम आहे. मी फक्त तुला वगळलंय. तू मला वगळलं होतंस ना, तसंच."

ती उठायला गेली, गुडघ्यांनी उठू दिलं नाही. "काय हवंय तुला? नाव हवंय? देते. पैसे?"

"पाटी थांबव. अंगणवाड्यांतली आणि घरांतलीही. चूक काय झाली ते तुझ्या तोंडाने जगाला सांग. मग मी तुला चांगलं पुस्तक देईन."

"कंपनी बुडेल, मृणाल."

"बुडू दे. किंवा राहू दे, तुझी मर्जी. वाघाचा आवाज तुला बरा जमतो."

शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिने दिल्या नाहीत. तिने नक्षीकडे बघितलं. नक्षी हत्तीच्या सोंडेवरून बोट फिरवत होती.

दोन दिवसांनी वैजयंतीने पत्रकारांना बोलावून सगळं सांगितलं. कपाळावरचा कॅमेरा, लाल चौकटी, माझं नाव, काही म्हणजे काही लपवलं नाही. त्याच संध्याकाळी मंडळाने तिला काढून टाकलं. पाट्या परत मागवल्या गेल्या. शेजारच्या गॅलरीतला माझा आवाज बंद झाला. लाखो मुलं वाचली म्हणून लोकांनी माझे आभार मानले. मी ते घेतले नाहीत, कारण मी ते मुलांसाठी केलं नव्हतं. झालं ते चांगलं झालं, एवढंच.

मग मी शब्द पाळला. एक पातळसं पुस्तक घेऊन तिच्या घरी गेले. पहिल्या पानावर उघडी छत्री आणि तिच्याखाली कोणाचे तरी पाय, बस्स. माझ्याकडचं सगळ्यात चांगलं पुस्तक. मी ते वैजयंतीच्या हातात दिलं आणि सोफ्यावर बसले.

नक्षी आजीच्या मांडीत बसली. तेवढं ती आता करायची. तिने पान उघडलं आणि काही न बोलता वाट बघितली. बरोबर केलं तिने. या पुस्तकाला असंच वाचतात.

नक्षीने छत्रीकडे बघितलं. पायांकडे बघितलं. तिच्या भुवया वर गेल्या. तिला प्रश्न पडला. आणि तो विचारायला तिने मान वर केली.

वैजयंती खाली वाकली होती, तिचा चेहरा नातीच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. नक्षीने त्या चेहऱ्याच्या बाजूने मान काढली, मला शोधलं आणि खुदकन हसली.

"मावशी," दारातून सानिका म्हणाली, "तू आत ये ना, चहा ठेवलाय. तू समोर असलीस की ती तुझ्याकडेच बघते, तुला माहितेय."

"माहितेय," मी म्हणाले.

वैजयंतीने नातीच्या नजरेचा माग काढत माझ्याकडे बघितलं. घर गहाण पडलं तरी जिने कोणापुढे मान तुकवली नसती, तिचे डोळे भरून आले होते. "मृणाल," ती म्हणाली, "ऊठ ना गं. पाच मिनिटं. मी सगळं केलं ना तू म्हणालीस ते?"

"पुस्तक द्यायचं कबूल केलं होतं. दिलं," मी म्हणाले.

नक्षी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. मला वाटलं होतं, या क्षणी थोडं तरी वाईट वाटेल. नाही वाटलं. मी पाय वर घेतले आणि सोफ्यावर नीट मांडी घालून बसले.

"वाच पुढे," मी वैजयंतीला म्हणाले. "पान उलट."